सुभेदार रामजी मालोजी सकपाळ : एका पेन्शनराचे चरित्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चरित्रे आमच्या समाजातील बहुतेक घरांत आहेत, व ती वाचलीही जातात. परंतु त्यांचे तीर्थरूप सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे त्या चरित्रांच्या आरंभीच्या पानांत येतात आणि चिरंजीवांच्या कर्तृत्वाची कमान चढू लागताच मागे पडतात. हे स्वाभाविकच आहे. सूर्य उगवल्यावर शुक्राच्या चांदणीकडे कोण पाहतो? तथापि यंदा मंडळाच्या बैठकांतून म्हसवड व आसपासच्या गावांतील निवृत्त सैनिक, त्यांच्या विधवा आणि त्यांचे निवृत्तिवेतन हा विषय वारंवार निघाल्यामुळे आम्ही सुभेदारांचे चरित्र पुन्हा एकवार काढून वाचले. ते एका पेन्शनराचे चरित्र म्हणून वाचू लागताच त्यांतील कित्येक गोष्टी आम्हांस नव्याने दिसल्या. त्या समाजबांधवांपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सकपाळ घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. हे गाव मंडणगड तालुक्यात आहे. रामजींचे वडील मालोजी हे फौजेत होते. रामजींचा जन्म १८४८ च्या सुमाराचा. त्यांची पत्नी भीमाबाई ही ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकरांच्या घराण्यातील; तिचे वडीलही सुभेदार-मेजर होते. म्हणजे सासर व माहेर या दोन्ही बाजूंनी हे लष्करी कुटुंब होय.

लष्कराच्या नोकरीचे महत्त्व आमच्या समाजास त्या काळी किती होते, हे आजच्या पिढीस समजावून सांगावे लागते. गावात राहणारा महार वतनास बांधलेला. त्याची भाकर, त्याचे बलुते, त्याचा मानअपमान हे सारे पाटलाच्या आणि गावाच्या मर्जीवर. एक वर्ष पीक बुडाले की बलुते बुडाले. फौजेत गेलेल्या माणसाचा दरमहा पगार मात्र ठरलेला असे, आणि नोकरी संपल्यावर पेन्शन मिळे. ही पेन्शन म्हणजे आमच्या समाजात आलेले पहिले असे उत्पन्न, की जे मिळविण्यासाठी गावातील कोणापुढे पदर पसरावा लागत नसे. म्हणूनच दापोली, सातारा यांसारख्या ठिकाणी पेन्शनरांच्या वस्त्या झाल्या, आणि समाजातील पहिले अर्ज, पहिल्या सभा व पहिली पुस्तके याच वस्त्यांतून निघाली. वैभव म्हणावे असे तेथे काहीच नव्हते. होती ती थोडी निर्वेधता, आणि दुसरे म्हणजे अक्षरओळख.

अक्षरओळखीचा विषय निघाला म्हणून सांगतो. रामजी हे नुसते शिपाई नव्हते. ते शिक्षक होते. लष्करी छावण्यांतून सैनिकांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत. रामजींनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि अशा शाळेत सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. पुढे ते सुभेदार-मेजरच्या हुद्द्यास पोहोचले. ते कबीरपंथी होते. मद्यमांसास शिवत नसत. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांच्या मनात अत्यंत आदर होता. आम्हीही जन्मभर खडूच हातात धरलेला असल्याने या मुख्याध्यापकपणाचा आम्हांस किंचित अधिक अभिमान वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

महू येथील छावणीत असताना, १४ एप्रिल १८९१ रोजी, त्यांस चौदावे अपत्य झाले. तेच भीमराव. चौदांपैकी जगली ती पाच : बाळाराम, आनंदराव व भीमराव हे तीन पुत्र आणि मंजुळा व तुळसा या दोन कन्या.

याच सुमारास समाजावर मोठा आघात झाला. १८९२ साली सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली. हिंदुस्थानातील काही जाती लढाऊ व बाकीच्या लढाईस नालायक, असे एक शास्त्र त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांनी उभे केले होते, आणि उत्तरेकडील जातींस जवळ करून दक्षिणेतील पलटणींना ते हळूहळू दूर सारीत होते. ज्या लोकांनी तीन-तीन पिढ्या बंदूक खांद्यावर वाहिली, ते एका हुकमाने अयोग्य ठरले.

हा हुकूम सुभेदारांच्या स्वतःच्या पेन्शनीस लागणारा नव्हता. त्यांची नोकरी झालेली, हुद्दा मिळालेला. गप्प बसले असते तर त्यांचे काही बिघडले नसते. उलट सरकारास अर्ज करणे हीच पेन्शनराच्या दृष्टीने जोखीम. तरीही हा हुकूम मागे घेतला जावा म्हणून त्यांनी खटपट केली, आणि सरकारकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा नीट व्हावा यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेतले. आम्ही या गोष्टीपाशी फार वेळ थांबलो. शाळामास्तर असलेला, इंग्रजी जाणणारा हा सुभेदार अर्ज स्वतः लिहू शकला नसता काय? लिहू शकला असता. परंतु सरकारी कागदाची भाषा निराळी असते. योग्य शब्द योग्य ठिकाणी नसला तर न्याय्य मागणीही फायलीत पडून राहते, हे त्यांस उमगले होते. जाणत्या माणसाकडे जाऊन मसुदा तपासून घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

त्या काळी या कामी ते एकटेच नव्हते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. १८८८ साली त्यांनी विटाळ-विध्वंसन हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १८९४ साली लष्करभरतीविषयीचा अर्ज सिद्ध केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरवून १५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे धाडला, आणि १९१० साली थेट विलायतेस भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सह्या करणाऱ्यांत अंगठे उठविणारे किती असतील, याची कल्पना कोणासही करता येईल. त्या अंगठ्यांमागे लिहिणारा हात एखाद्या-दुसऱ्याचाच असे.

भरती बंद होण्याने नोकऱ्या गेल्या, एवढेच आपण धरून चालतो. वस्तुतः नुकसान त्याहून खोल होते. भरती गेली तशी छावणीतील शाळाही गेली, आणि शाळेबरोबर पुढच्या पिढीतील अर्ज लिहिणारी माणसेही गेली. ज्या माणसांनी दाद मागावयाची, ती तयार होण्याची वाटच त्या हुकमाने बुजविली. सुभेदार स्वतः शिक्षक असल्याने त्यांस हे सर्वांआधी दिसले असावे, असे आम्हांस वाटते.

१८९४ च्या सुमारास रामजी सेवानिवृत्त झाले व मुलाबाळांसह दापोलीस गेले. दापोलीच्या म्युनिसिपल शाळेत आपली मुले घ्यावीत म्हणून तेथील आमच्या पेन्शनरांना त्या दशकात अर्जांमागून अर्ज करावे लागले होते, आणि मुले घेतली तरी त्यांस ओसरीवर बसवीत. सरकारची चाकरी केलेल्यांच्या मुलांची ही व्यवस्था. सुभेदार दापोलीस फार दिवस राहिले नाहीत. त्यांनी साताऱ्यास बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली, आणि कुटुंब साताऱ्यास आले. अशा रीतीने या थोर घराण्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध जडला.

पेन्शन दरमहा पन्नास रुपयांची होती असे चरित्रकार सांगतात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण खाणारी तोंडे अनेक, आणि मुलांस शिकवावयाचेच हा हट्ट. म्हणून पेन्शनीवर स्वस्थ न बसता सुभेदार पुन्हा कामास लागले. १८९६ साली साताऱ्यासच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव त्या वेळी पाच वर्षांचे. रामजींची बहीण मीराबाई हिने घर सांभाळले. पाठीस बाक आलेली ही आत्या नसती तर सुभेदारांचा संसार कसा चालला असता, कोण जाणे. मुले पहाटे उठत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही सुभेदार स्वतः त्यांच्याकडून घटवून घेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आता आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याशी निगडित अशी हकीकत येते. आमच्या म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव हे १८७६-७७ च्या दुष्काळात निघालेले काम, हे इकडच्या लोकांस ठाऊकच आहे. त्यानंतर शतक पालटताना पुन्हा भयंकर दुष्काळ पडला. माणसे हजारोंनी मेली. लोकांच्या हातास काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगाव येथे तलावाचे काम काढले, आणि त्या कामावर रोखपाल म्हणून सुभेदार रामजींची नेमणूक झाली. उपाशी मजुरांच्या हातात रोजचे पैसे मोजून घालणे हे त्यांचे काम. पेन्शनर, शिक्षक, हिशेबी आणि निर्व्यसनी. असा माणूस त्या जागी असणे हे त्या मजुरांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

१९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे थोरले बंधू व बहिणीची मुले यांनी वडिलांस भेटावयास जाण्याचे ठरविले. येत असल्याचे पत्र आधी पाठविले. नवे कपडे घालून मुले आगगाडीने मसूरास उतरली, तो न्यावयास कोणीच आलेले नाही. सुभेदारांच्या नोकराने ते पत्र त्यांस दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरास मुलांची जात समजली तेव्हा तो दूर सरला. गाडीवाले मुलांस गाडीत घेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे, अशा बोलीवर एक गाडी मिळाली. रात्र जकातीच्या नाक्यावर काढावी लागली. बरोबर शिदोरी होती, पण पाण्याचा थेंब कोणी दिला नाही, आणि पाण्यावाचून शिदोरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मुले गोरेगावास पोहोचली. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेविली आहे, व ती सर्वांस परिचित आहे.

या प्रसंगाकडे आम्ही वडिलांच्या बाजूने पाहतो. सुभेदार-मेजरचा हुद्दा, सरकारी पेन्शन, सरकारी तलावावरील रोखपालाची जागा, एवढे सारे असून त्यांच्या मुलांस भाड्याची गाडी मिळत नव्हती. आणि एक साधा कागद वेळेवर हाती न पडल्याने हा सगळा ताप झाला.

कागद हाती न पडण्याचे दुःख म्हसवडच्या पेन्शनरांस आजही चुकलेले नाही. येथे विषयांतराचा दोष पत्करूनही दोन गोष्टी लिहितो. निवृत्त सैनिकांसाठी आता कायदा आहे, योजना आहेत, साताऱ्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पुण्यास राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे. गावोगावच्या सैनिकांकडे जाऊन त्यांची कामे समजून घेण्यासाठी कल्याण संघटक म्हणून नेमणूकही असते. व्यवस्था नाही असे कोणी म्हणू नये. परंतु म्हसवडहून दहिवडीमार्गे साताऱ्यास जाऊन परत येण्यात वृद्ध माणसाचा दिवस मोडतो, आणि तेथे गेल्यावर एक कागद कमी निघाला की दुसरा दिवस मोडतो. एका कल्याण संघटकास किती गावे पाहावी लागतात, याचा विचार केला तर त्याच्यावरही रागावता येत नाही. जेथे दहा हात हवेत तेथे दोन असले, की ते दोन कितीही राबले तरी रांग हटत नाही.

शिवाय अलीकडे संरक्षण खात्याने पेन्शनीचा सारा व्यवहार स्पर्श नावाच्या संगणकीय व्यवस्थेत आणला आहे. पूर्वी बँकेतील ओळखीचा कारकून माणूस पाहून हयातीचा दाखला करून देई. आता दरवर्षी यंत्रापुढे अंगठा द्यावा लागतो किंवा अर्ज भरावा लागतो, आणि तो मुदतीत न झाल्यास पेन्शन थांबते. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशा म्हाताऱ्या वीरपत्नींचा अंगठा यंत्र घेत नाही. आमच्याकडे अशा दोन-तीन माउल्या कागद घेऊन आल्या होत्या. एकीची पेन्शन कित्येक महिने थांबलेली; कारण काय, तर पलटणीच्या दप्तरात तिचे माहेरचे नाव, आणि आधार कार्डावर सासरचे. पती हयात असता रेकॉर्ड ऑफिसला एक अर्ज गेला असता तर हे काम सोपे होते; पतीच्या पश्चात तिने ज्या कार्यालयांचे उंबरे झिजविले त्यांची नावे येथे लिहीत नाही. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे. म्हसवडची सत्तरी उलटलेली बाई सागरास कशी जाणार?

नावाचा हा घोटाळा सुभेदारांच्या घरातही होताच. वडील फौजेत सकपाळ, मुलगा शाळेच्या दप्तरात आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. आजच्या संगणकापुढे हे कुटुंब उभे राहिले असते तर वडील-मुलाचे नाते सिद्ध करण्यास त्यांस प्रतिज्ञापत्र करावे लागले असते!

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही असे मांडले आहे की, जिल्हा कार्यालयाकडे रीतसर मागणी करून महिन्यातून एक ठराविक दिवस कल्याण संघटकाने म्हसवडास बसावे; आणि त्यांचे येणे होवो वा न होवो, मंडळाने आपल्या खर्चाने आठवड्यातून दोन दिवस एक लिहिता-वाचता, संगणक जाणणारा तरुण या कामी बसवावा. त्यास योग्य मानधन द्यावे. हौसेवर चाललेले काम पावसाळ्यापर्यंत टिकते, पुढे टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे. काही सभासदांचे म्हणणे असे पडले की हे सरकारचे काम आहे, मंडळाने का करावे. त्यांचा मुद्दा खोटा नाही. परंतु सरकारने करावे म्हणून अर्ज करणे आणि तोवर आपल्या माणसाचा कागद आपण लिहिणे, ही दोन्ही कामे सुभेदारांच्या पिढीने एकाच वेळी केली होती.

असो. मूळ चरित्राकडे वळू. १९०४ साली साताऱ्याचा मुक्काम हलवून रामजी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस गेले. परळच्या चाळीत एका खोलीत संसार. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात. भीमरावांस हवे असलेले पुस्तक आणावयाचे आणि हाती पैसा नाही, तेव्हा सुभेदार लेकींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत, आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून परत करीत. या एका गोष्टीवरून पेन्शनरांच्या घरात पहिल्या तारखेला काय महत्त्व असते ते कळावे. पेन्शन महिनाभर अडली असती तर तो दागिना सावकाराकडेच राहिला असता, आणि पुढच्या पुस्तकाचे काय झाले असते, हे सांगावयास नको. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या ओळखीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कोठे सुभेदारांच्या खांद्यावरील भार हलका झाला.

भीमराव पदवीधर होऊन १९१३ च्या जानेवारीत बडोद्यास नोकरीस गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याचे कळल्याने त्यांस परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींनी देह ठेविला. मुलाच्या विलायतेच्या पदव्या त्यांनी पाहिल्या नाहीत, आणि ज्या हुकमाविरुद्ध त्यांनी अर्ज केला होता तो उठलेलाही पाहिला नाही.

त्या अर्जाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा महार पुन्हा लढाऊ ठरले. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या जुलैत, बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नियुक्ती झाली. भरतीचा प्रश्न त्यांनी लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. वडिलांच्या अर्जापासून मोजले तर मधे सुमारे ४९ वर्षे गेली होती.

याच रेजिमेंटमधून व अन्य पलटणींतून निवृत्त झालेले आमचे बांधव आज म्हसवड, दहिवडी व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर राहतात. त्यांच्यासाठी मंडळाच्या कार्यालयात एक नोंदवही उघडली आहे. पूर्ण नाव, पलटण, सेवाक्रमांक, पत्नीचे दप्तरातील व आधारवरील नाव, आणि हयातीच्या दाखल्याची तारीख, एवढ्या गोष्टी तीत लिहावयाच्या आहेत. मार्गशीर्ष प्रतिपदेस सिद्धनाथाच्या रथासाठी रजेवरील सैनिक व बाहेरगावचे लोक गावी येतात. त्या वेळी घरातील जुने कागद ट्रंकेतून काढून सोबत आणावेत. लिहिण्यास आम्ही बसलेलो असू.